वरमाईचे पाय

माझी सून जर्मन आहे. तिचं माहेर मुलगा राहतो त्या इंगोलश्टाटपासून गाडीने अडीच-तीन तासांवर, टेकड्यांमधल्या एका लहान गावात. मुलाचं लग्न इथल्या कचेरीत सह्या करून झालं. तेव्हा आम्हाला व्हिसा मिळाला नाही म्हणून आम्ही नव्हतो, आणि तिचे आईवडील अडीच-तीन तासांवर असूनही नव्हते. लग्नाच्या फोटोत दोघांच्या मागे मुलाचे ऑफिसमधले मित्र उभे आहेत. आमच्या घरी तो फोटो टीव्हीच्या वर लावला आहे. आलेगेलेले विचारतात, मुलीकडचे कुठे आहेत? मी म्हणते, फोटो काढत होते.

यंदा मी आले ते सुनेच्या बाळंतपणासाठी. पहिलं बाळंतपण म्हणजे खरं तर तिच्या आईचं काम. मी मुलाला फोनवर तसं म्हटलंही. तो म्हणाला, "आई, ती माणसं आमच्या घरी पाऊल टाकत नाहीत. तूच ये." मग ह्यांना म्हशींपाशी ठेवून मी एकटीच आले.

सुनेला मराठी थोडं समजतं आणि त्याहून कमी बोलता येतं. मला आई म्हणते. कामाला चलाख, नर्स आहे, दुसऱ्याचं दुखणं बघून घाबरत नाही. पण पोट वाढत गेलं तशी ती स्वतःच्या आईची आठवण जास्त काढायला लागली. तोंडाने नाही. भाजी चिरताना मध्येच थांबायची आणि मुलाला काहीतरी सांगायची. तो मला सांगायचा, "तिची आई कोबी असा चिरायची म्हणे." तिला एवढंच हवं होतं की बाळ होईल तेव्हा आईने दोन दिवस तरी येऊन राहावं. दुसरं काही तिने मागितलेलं मी ऐकलं नाही.

पानं पिवळी व्हायला लागली त्या सुमाराला एक दिवस तिच्या आईचा फोन आला. जावयाच्या आईला घेऊन शनिवार-रविवार या, असं त्या म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा. सुनेने फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिली. मग एकदम केक करायला घेतला. मुलगा म्हणाला, "अगं, तिकडे केक कमी आहेत का?" तर तिने त्याला पिठाच्या हाताने ढकलून स्वयंपाकघराबाहेर काढलं.

गाडीत मुलाने मला तिच्या माणसांबद्दल सांगितलं. अमेरिकेत घोडागाडीतून फिरणारे आमिश लोक असतात, टीव्ही नाही, वीज नाही, जुन्या पद्धतीचे कपडे. ते मूळचे इकडच्याच भागातून गेलेले.

"मग हे आमिश का?" मी विचारलं.

"नाही गं. चुलत घराणं समज. हे गाडी चालवतात, ट्रॅक्टर चालवतात. पण घरात टीव्ही नाही, बायका डोकं झाकतात, आणि पंथाबाहेर लग्न केलं की त्या माणसाला मंडळीतून काढतात."

"वाळीत टाकतात?"

"तितकं नाही. बोलतात. पण प्रार्थनेच्या वेळी प्रसादासारखा पाव आणि द्राक्षाचा रस वाटतात, तो तिला मिळत नाही."

सून पुढच्या सीटवर बसली होती. तिला किती कळलं कोण जाणे. ती खिडकीबाहेर बघत होती.

"आणि आई, एक लक्षात ठेव," मुलगा म्हणाला, "तिथे एकदाच विचारतात. आपल्यासारखं नको नको केलंस तर उपाशी राहशील."

"मी काय नवी नवरी आहे लाजायला?"

"तू नव्या नवरीपेक्षा लाजतेस. विमानात पाणीसुद्धा मागितलं नाहीस."

हे खरं होतं.

गाव बघून मला बरं वाटलं. गावात शिरताच शेणाचा वास आला. घरांच्या भिंतींना लागून फोडलेली लाकडं नीट रचलेली, एका कुडाला भोपळे टेकवून ठेवलेले, आणि रस्त्याने एक म्हातारी ढकलगाडीवर दुधाचं कॅन घेऊन चाललेली. जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा मला हात कुठे ठेवावेत हा प्रश्न पडला नाही. मी डोक्यावर पदर घेतला. मोठ्यांच्या घरी जायचं म्हणून सवयीने घेतला.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. गडद निळा पायघोळ झगा, वर एप्रन, अंबाड्यावर काळी टोपी बांधलेली. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला, पण जवळ घेतलं नाही. मग माझ्याकडे वळल्या. माझ्या पदराकडे बघितलं, स्वतःच्या टोपीला हात लावला आणि हसल्या. मीही हसले. व्याही मागून आले, जाड बोटांचे, खांदे वाकलेले. त्यांनी माझ्या मुलाशी हात मिळवला आणि त्याला सरळ गोठ्यात घेऊन गेले. आमचा इंजिनिअर चांगले बूट घालून गेला आणि परत आला तो कुणाचे तरी रबरी बूट घालून.

जेवायला उकडलेले बटाटे, कोबी आणि अंडी होती. मी खात नाही म्हणून मांस वेगळ्या भांड्यात लांब ठेवलं होतं. विहीणबाईंनी बटाट्याचं भांडं माझ्यापुढे धरलं. मला भूक होती. तरी तोंडातून "नाइन", म्हणजे नको, निघालंच. भांडं लगेच पुढे गेलं. मुलगा मान खाली घालून हसत होता. "सांगितलं होतं की नाही," म्हणाला. केक आला तेव्हा विहीणबाईंनी विचारायच्या आधीच मी "या, या" म्हणाले, म्हणजे हो हो. सगळे हसले. व्याहीसुद्धा. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं इतकी ती हसली. मला वाटलं, आता सगळं नीट होणार.

दुपारी मी आणि विहीणबाई दोघीच स्वयंपाकघरात होतो. रात्रीसाठी बटाटे सोलायचे होते. त्यांनी मला सुरी दिली. मला सुरीने सोलता येत नाही, मी आयुष्यभर विळीवर बसले. माझ्या बटाट्याची सालं जाड निघत होती, निम्मा बटाटा सालाबरोबर जात होता. त्यांनी माझं एक साल उचललं, उजेडाकडे धरलं आणि काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, पण टोमणा कळला. माझी सासू असती तर तेच म्हणाली असती: डुकरांना घालायचंय का? मी त्यांच्या हातातून साल ओढून घेतलं. मग आम्ही दोघी खूप हसलो. त्यांनी बोटाने स्वतःचं पोट दाखवलं, मग लेक बसली होती त्या खोलीकडे, आणि भुवया वर केल्या. मी पोटावर हाताने मोठा गोल केला आणि खालच्या बाजूला नेला. पोट उतरायला लागलंय, असं. त्यांनी मान डोलावली आणि सुरी खाली ठेवली. मला तेव्हा वाटलं की विचारावं, याल का? पण मला तेवढं जर्मन येत नव्हतं, आणि मराठीत बोलता आलं असतं तरी मी विचारलं असतं की नाही, माहीत नाही.

रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या प्रार्थनेच्या घरी गेलो. आत एकही चित्र नाही, मूर्ती नाही, पांढऱ्या भिंती आणि लाकडी बाकं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. पेटी नाही की तबला नाही, नुसत्या गळ्याने गातात, पण चार आवाज वेगवेगळे चालून एकत्र येतात. मी आणि सून बायकांच्या शेवटच्या बाकावर बसलो. पुढे पाव आणि रस वाटला गेला. आमच्या बाकाच्या आधी तो थांबला. सून हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. लहानपणापासून ती पुढच्या बाकावर बसली असणार.

मग बायका उठून शेजारच्या खोलीत जायला लागल्या. विहीणबाई पुढे न जाता मागे आल्या आणि माझ्यापुढे हात केला. मी सुनेकडे बघितलं. ती गोंधळली होती, पण तिने मला कोपराने ढकललं. "जा आई. जा." ती स्वतः उठली नाही. मला वाटलं, चहा असेल.

खोलीत चहा नव्हता. बाकं होती, पंचे होते, आणि जमिनीवर पाण्याच्या परातीसारखी भांडी. बायका मोजे काढत होत्या. मी नजर खाली ठेवली, परक्या बायकांचे पाय कशाला बघायचे. विहीणबाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि बुटांकडे बोट दाखवलं. मी बूट काढले, मोजे काढले. माझ्या टाचांच्या भेगा आणि जोडवी उघडी पडली. मी पाय एकमेकांवर घेतले. तेवढ्यात विहीणबाईंनी कमरेला पंचा बांधला, पाण्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं आणि गुडघ्यांवर बसल्या.

मला काय झालं ते सांगते. माझ्या लग्नात माझ्या आईने माझ्या सासूबाईंचे पाय धुतले होते. आमच्याकडे वरमाईचे पाय धुतात, तशी रीतच आहे. सासूबाईंनी पाय पुढे केले आणि शेजारच्या बाईशी बोलत राहिल्या. आईने पाणी घातलं, पुसले, कुंकू लावलं, वर साडी दिली. सासूबाईंनी साडीचा पदर बोटात धरून पोत बघितला. मला मुंडावळ्यांमधून आईची वाकलेली पाठ दिसत होती, पोलक्याला मागे ठिगळ होतं. मुलीची आई म्हणून ती वाकली होती. तेव्हाच मी मनाशी म्हटलं की मला मुलगा झाला तर त्याच्या लग्नात कुणाची आई माझ्यापुढे वाकणार नाही. मुलाचं लग्न कचेरीत झालं आणि तो प्रश्न मिटला, असं मला वाटलं होतं.

आणि आता मुलीची आई माझ्यापुढे गुडघ्यांवर होती. त्यांच्या टोपीखालची पांढरी मान मला दिसत होती. त्यांनी माझ्या पायाला हात लावला. हात गरम होता.

मी पाय ओढून घेतले. साडीच्या आत. "नाइन," मी म्हणाले, "नाइन, नाइन."

आमच्याकडची बाई असती तर तिने पाय धरून ठेवला असता. असं कुठे असतं का, म्हणाली असती, ओढाताण झाली असती, आणि शेवटी मी तिला उठवून गळ्यात पडले असते. विहीणबाईंनी तसं काही केलं नाही. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. मी मान हलवत होते. मग एका हाताने खुर्ची धरून उठल्या, कमरेचा पंचा सोडून त्याची घडी घातली, आणि भांडं उचलून बाजूला ठेवलं. खोलीतल्या दोन बायकांनी बघितलं आणि नजर वळवली. मी मोजे घातले. उलटे घातले, ते घरी आल्यावर कळलं.

दुपारचं जेवण झालं. विहीणबाईंनी मला बटाटे विचारले, मी या म्हणाले, त्यांनी वाढले. पण स्वयंपाकघरात मी मदतीला गेले तेव्हा त्यांनी हाताने बाहेरची खोली दाखवली, पाहुण्याला दाखवतात तशी. निघताना हात मिळवला. लेकीला जामच्या बाटल्या दिल्या.

गाडीत सुनेने विचारलं, "आई, आत काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "पाय धुतात ना त्या?"

"तुमचे धुतले?"

मुलगा गाडी चालवत होता. मी म्हणाले, "मला नको होतं." एवढं सगळं, सासूबाई, आईचं ठिगळ, मुलाच्या समोर मला सांगता आलं नाही. त्याने ते हसण्यावारी नेलं असतं असं नाही, पण मी कधी त्याला माझ्या लग्नातलं सांगितलेलं नाही. त्याच्या आजीवर त्याचा जीव होता. सून पुढे वळली आणि मांडीवरच्या जामच्या बाटल्या धरून बसली.

त्यानंतर बरेच दिवस गेले. मी मेथीचे लाडू केले, डिंक इथे मिळाला नाही. एका संध्याकाळी सुनेने आईला फोन लावला. मी ताटं पुसत होते. बोलणं जर्मनमध्ये, पण तिचा आवाज आधी लाडात होता, मग हळू झाला. फोन ठेवून ती न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला.

मुलगा माझ्याजवळ आला. "तिची आई येणार नाही म्हणाली."

"का?"

"म्हणाली, तुझ्या नवऱ्याची आई आहे तिथे. तिला मी नको आहे." तो माझ्याकडे बघत होता. "आई, तू काही म्हणालीस का त्यांना?"

तेव्हा मी सांगितलं. सून बाहेर आल्यावर तिच्यासमोर पुन्हा सांगितलं, मुलगा तिला जर्मनमध्ये सांगत गेला. माझ्या लग्नाचं सांगताना त्याचा आवाज बदलला, तो मध्येच थांबला आणि मला म्हणाला, "आजीने असं केलं?" मी म्हटलं, "सगळ्याच करायच्या रे."

सून खुर्चीवर बसली. मग तिने मला समजावलं, अर्धं मराठीत, अर्धं हाताने. त्यांच्यात पाय धुणारी लहान नसते. एक धुते, मग दुसरी तिचे धुते, मग दोघी गळाभेट घेतात. त्यानंतर त्यांच्यात काही राहत नाही. दोघी बहिणी. हे बाहेरच्या बाईबरोबर करत नाहीत. तिच्या आईने मंडळीतल्या थोरल्यांकडे जाऊन परवानगी मागितली होती: लेकीच्या घरी जाण्याआधी मला त्या घरातल्या आईशी नीट व्हायचं आहे. त्यांनी हो म्हटलं होतं. सुनेलाही हे आजच कळलं.

"म्हणजे मग माझी पाळी होती," मी म्हणाले.

"गेनाऊ," मुलगा म्हणाला. अगदी बरोबर. त्याला सवय झाली आहे त्या शब्दाची. मग त्याला वाईट वाटलं असावं, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माझी पाळी होती. त्या खोलीत आणखी दहा बायका हेच करत होत्या. मी मान वर करून बघितलं असतं तर दिसलं असतं की जी आत्ता गुडघ्यावर आहे ती मघाशी खुर्चीवर होती. मी बघितलं नाही. लाजले. जन्मभर मी अशीच, चारचौघांत गेले की जमिनीकडे बघते. घरचे म्हणायचे, गुणाची आहे. त्या दिवशी जमिनीवर फक्त पाण्याचं भांडं दिसत होतं आणि एक वाकलेली बाई, आणि ते मी पूर्वी पाहिलेलं होतं.

सुनेने लगेच आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. विहीणबाई ऐकत होत्या. माझ्या आईचं सांगून झाल्यावर त्यांनी काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, तुमची आई आहे का," मुलगा म्हणाला.

"नाही म्हणावं. गेली."

मग त्या बोलल्या, सावकाश. मुलगा सांगत गेला. माझ्या मनात काही नाही, त्या म्हणाल्या. तिला सांग, मला समजलं, आणि तिची आई चांगली बाई असणार. पण आता मी थोरल्यांकडे पुन्हा परवानगी कशी मागू? पाय धुणं वर्षातून दोनदाच असतं, आता ते पुढच्या वसंतात. ते झाल्याशिवाय त्या घरी कशी येऊ, तोवर थांबायला हवं.

"आता सांगितलं ना सगळं," असं काहीतरी सून रडत म्हणाली. मुलाने पुढचं उत्तर सांगताना तिच्याकडे बघितलं नाही.

"त्या म्हणाल्या, फोनवर पाय धुता येत नाहीत."

रागाने नाही म्हणाल्या. आवाज तसाच होता, बटाट्याचं साल उजेडाकडे धरताना होता तसा.

मी फोनजवळ गेले. मुलाला विचारून शब्द पाठ केले आणि म्हणाले, "बिट्टे, कोमेन झी." कृपा करून या. मग त्या माझ्याशी काहीतरी बोलल्या, नेहमीपेक्षा लांब. फोन बंद झाल्यावर मी मुलाला विचारलं काय म्हणाल्या. तो म्हणाला, "देव तुमचे हात सांभाळो, बाळ तुमच्या हातात आहे."

बाळ झालं, मुलगी. सून सतरा तास कळा देत होती. मी तिच्या कमरेला तेल चोळत होते. शेवटी शेवटी ती आईला हाका मारत होती, तिच्या भाषेत, आणि मी दर वेळी "हो गं, आहे," म्हणत होते. कुणीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून.

व्याही एकटे येऊन गेले. विणलेलं झबलं, टोपी आणि मोठा पाव घेऊन आले. नातीला जाड बोटांत धरून खिडकीपाशी उभे राहिले. घरी जाऊन ते विहीणबाईंना काय सांगतील याचा मी विचार करत होते. डोळे कुणासारखे, जावळ किती. त्या विचारतीलच. फोटो त्या बघत नाहीत.

रोज सकाळी मी पाय लांब करून बाळाला त्यावर घेऊन आंघोळ घालते. सून शेजारी स्टुलावर बसून बघते. एकदा ती म्हणाली, माझी आई आंघोळ घालताना एक गाणं म्हणायची. मी म्हटलं, म्हण. तिने दोन ओळी म्हटल्या आणि पुढचं तिला आठवलं नाही. मी पाणी ओतत राहिले. मला ते गाणं येणार नव्हतं.

आज दुपारी तिने माझ्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगाची चादर काढायला घेतली. तो पलंग तिने आईसाठी विकत आणला होता, मी यायच्याही आधी, आणि त्यावर कुणी झोपलं नव्हतं. मी म्हटलं, "राहू दे की. वसंतात येतील."

"तोपर्यंत तुम्ही गेलेल्या असाल, आई," ती म्हणाली. "कुणाचे पाय धुणार ती?"

तिने चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन तिने धरली. आम्ही ती ताणून झटकली आणि घडी घातली.